माणिकप्पाचा रेशमी दोरा

माणसाचं काहीतरी मागे राहावं, असं उमरीच्या शाळेतले आमचे मास्तर छडी आपटून सांगत. त्यांच्या आशीर्वादाने माझं राहिलं आहे. एका सागवानी बाकावर माझ्या धोतराचा ठसा उमटला आहे, सुताच्या उभ्या-आडव्या धाग्यांसकट, आणि तो बसल्या जागेचा आहे एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

झालं असं. भाद्रपद संपत आला होता. मी मन्मथ, उमरीच्या किशनराव देशमुखांचा कारकून. होडीचं काम कुठवर आलं ते बघायला मालकांनी मला नांदेडला पाठवलं होतं. स्टेशनपासून नदीच्या घाटापर्यंत पायी आलो आणि घामाने निथळलो. घाटाच्या वरच्या अंगाला पळसाच्या पानांचा मांडव घातलेला, त्याच्या सावलीत होडी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली. जवळपास कुणी दिसेना. मी आत चढलो, समोरचं बाक कसं चकाकतंय याचं कौतुक केलं आणि कौतुक करता करता त्यावरच बसलो. गार वाटलं. तेवढ्यात मांडवामागून होडीला रोगण, म्हणजे व्हार्निश, देणारा माणिकप्पा आला.

“ऊठ!” तो ओरडला. मी उठायला लागलो. “उठू नको! जागचा हलू नको!”

या दोन्ही आज्ञा एकदम कशा पाळायच्या हे आमच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्यानेच मला काखेत धरून, तव्याला चिकटलेलं धिरडं सोडवावं तसं कडेकडेने सोडवलं. मग आम्ही दोघंही बाकाकडे बघत राहिलो. मी माझ्या धोतराकडे बघायचं टाळत होतो.

“ह्या बाकाला रोगणाचा शेवटचा हात व्हता त्यो,” माणिकप्पा म्हणाला. “मालकाचा माणूस म्हणून सोडलो. दुसरा असता तर त्याच रोगणात बुडवून काढलो असतो.”

“चुकलं अप्पा. मी घासून देतो हे बाक.”

“तू?” त्याने माझे हात उलटेपालटे करून बघितले. “शाई लागंल लाकडाला.”

“मग शिकवा की.”

“आता कुठला टाइम? वरून सतरंजी टाकू. तालुकदारसाहेब फिरून जाऊ दे, मग ह्ये बाक तूच घासायचं. माझा हात लागणार न्हाई ह्याला. शंभू म्हादेवाची आन घे.”

मी घेतली. तो तरीही बाकासमोरून हलला नाही. “माझं पोरगं जेलात पडलंय,” तो म्हणाला, “आन तू हितं ऐसपैस बसून राहिलास.”

 मी धोतर मागून आवरत घाट चढलो.

माणिकप्पा मूळचा मुरुडचा. घरात सुतारकी होती, पण याचा जीव रंध्या-करवतीपेक्षा लाकडाच्या कातडीवर. तरुणपणी हैदराबादला पळून गेला, पलंग-कपाटांना रोगण देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिला, आणि परत आला तो सगळ्या जगाचं लाकूड कच्चं आहे हे ठरवूनच. नांदेडात सराफ्यामागच्या बोळात त्याचं दुकान होतं. पाळणे आणि लग्नाचे पलंग, एवढंच काम तो घ्यायचा. दाराखिडक्या घेत नसे. “दाराला कुणीबी हात लावतंय, कुत्रंबी अंग घासून जातंय,” म्हणायचा. गावातल्या माणसांना तो त्यांच्या पलंगांवरून ओळखायचा. एकदा मी कुणाची तरी चौकशी केली, तर म्हणाला, “त्यो व्हय? त्याच्या लग्नाच्या पलंगाला राळ कमी पडलती. टिकलं न्हाई.”

“काय, पलंग?”

“दोन्हीबी.”

त्याची एक परीक्षा होती. काम पुरं झालं की बायकोच्या, मल्लम्माच्या, जुन्या लुगड्याच्या काठातून काढलेला एक रेशमी दोरा तो लाकडावरून आडवा टाकायचा, एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब ठेवून. दोरा अडकून राहिला तर काम पुन्हा घासायला. आपल्याच वजनाने सरकत सरकत खाली पडला तर काम पास. पाळण्याला बाळाचं झबलं अडकू नये, पलंगाला नव्या नवरीच्या पदराचा धागा लागू नये, म्हणून ही परीक्षा. गिऱ्हाइकाच्या देखत तो दोरा टाकायचा, आणि दोरा पडला की गिऱ्हाइकाकडे असं बघायचा, की त्या बिचाऱ्याला या पलंगावर झोपायची आपली लायकी आहे का अशी शंका यावी.

अशा माणसाला होडीवर मीच आणला. होडी आमच्या मालकांच्या गळ्यात लिलावात पडलेली. कुणी गोरा इंजिनिअर पुलाच्या कामाला आला होता, त्याने हौसेने ती दूरवरून आणवली होती. डोलकाठी, शीड, सुकाणू, बसायला दोन बाकं, भोवती लाकडी कठडा, दोर बांधायला कठड्याच्या आत जाडजूड खुंटे. इंजिनिअर गेल्यावर ती कित्येक पावसाळे घाटावर पालथी पडून होती. लाकूड काळं पडलं होतं, जुन्या रोगणाचे पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे उठले होते. त्या साली मालकांच्या मनात आलं, की नव्या अव्वल तालुकदारसाहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांना, शिडाच्या होडीतून गोदावरीत फिरवावं. त्यांचं जमिनीचं एक प्रकरण कचेरीत अडकलं होतं. ते काय होतं ते सांगत बसत नाही, प्रत्येक देशमुखाचं एक असतंच.

नांदेडात होडीच्या लाकडाला रोगण द्यायला कुणाला येतं? कुणालाच नाही. म्हणून पलंगाला देणारा आणला. माणिकप्पाने होडीभोवती चक्कर मारली, चारदोन ठिकाणी नख लावलं, वाकून वास घेतला आणि म्हणाला, “पलंगच हाय. पाण्यावरचा.”

एक बाजूचा कठडा मात्र पार कुजला होता. नवा साग हवा होता, आणि महायुद्धापायी बाजारात सागाची फळी औषधाला मिळेना. मालक म्हणाले, “इस्लापूरच्या रानात पाहिजे तेवढा साग आहे. तुझ्या पोराला गाडी घेऊन पाठव. परवान्याचं मी बघतो.”

पोरगा म्हणजे उद्धव. विशीतला, बापासारखाच रुंद हाडाचा, पण बापाच्या उलट अबोल. जाताना माणिकप्पाने त्याला बजावलं, “रस्त्यात कुणी इचारलं तर मालकाचं नाव घ्यायचं न्हाई. मोठ्या माणसाचं नाव चौकी-चौकीवर घेत हिंडू न्हाई.” उद्धवने मान हलवली. येताना तो गाडीभर सागाच्या फळ्या आणि लाकूड घासायला खरवतीच्या खरखरीत पानांचा एक भारा घेऊन निघाला. परवान्याचं मालकांनी बघितलंच नव्हतं. जंगलखात्याच्या शिपायांनी गाडी धरली, आणि माल कुणाचा म्हणून विचारलं तेव्हा उद्धवने बापाचा शब्द पाळला. सरकारी साग चोरला म्हणून त्याला दीड सालाची सजा झाली. फळ्या जप्त झाल्या. खरवतीची पानं तेवढी गाडीवाल्याने परत आणून दिली, ती कुणाला नको होती.

माणिकप्पा मालकांच्या कोठीवर आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पाय धरले नाहीत, रडला नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “मालक, साग तुमच्या होडीचा व्हता.”

मालक पान लावत होते. “मला का कळत नाही? पण लेखी अर्ज केला की माझं नाव येतं. त्यापेक्षा साहेब होडीत बसू दे. पाण्यावर माणूस खुश असतो. तिथे कानावर घालतो. त्यांच्या एका शब्दाचं काम आहे, दुसऱ्या दिवशी तुझा पोरगा घरी.”

“पाण्यावर सांगता?”

“सांगतो म्हटलं ना.”

त्या दिवसापासून ती होडी मालकांची राहिली नाही. माणिकप्पाने दुकानाला कुलूप लावलं. कठड्याला साग नव्हता, तर घरी माळ्यावर ठेवलेला उद्धवचा पाळणा त्याने खाली काढला. मल्लम्मा देगलूरकडची, जीव तुटला की तेलुगूत बोलायची. त्या दिवशी ती बराच वेळ तेलुगूत बोलली. मग मराठीत म्हणाली, “नातवाला काय सुपात झोपवू?”

“पोरगा भायेर येऊ दे, मग नातवाचं बघू,” माणिकप्पा म्हणाला, आणि पाळण्याच्या बाजू घेऊन घाटावर आला. त्या होडीच्या कठड्यात इतक्या चपखल बसल्या, की तो स्वतःच जरा वेळ बघत राहिला.

मला मालकांनी नांदेडलाच ठेवून घेतलं होतं. ठसा उमटवून झाल्यावर मला मांडवात फक्त उभं राहायची परवानगी होती. उभ्याउभ्या मी त्याचं काम बघायचो. फुटक्या कंदिलाच्या काचेचे तुकडे त्याने जमवले होते. एकेक तुकडा तिरपा धरून तो जुनं रोगण खरवडायचा आणि लाकडावरून केसाएवढी बारीक वळी निघायची. काळ्या डागांवर लिंबू चोळायचा. मग खरवतीच्या पानांनी घासणं. करडईचं तेल राळ घालून तो गावाबाहेर मडक्यात उकळून आणायचा. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. आम्ही मराठवाड्यातली माणसं करडईच्याच तेलावर वाढलो, पण ते तेल असं रडवतं हे तेव्हा कळलं.

रोगणाचा एक हात द्यायचा, तो सुकायचा, पुन्हा पानांनी मारायचा, पुन्हा हात द्यायचा. सुकायला ऊन पाहिजे. आणि ऊन पडलं की नदी उतरते. पाऊस चालू राहिला तर रोगण सुकत नव्हतं, पाऊस थांबला तर होडीला पाणी उरत नव्हतं. माणिकप्पा सकाळी आला की आधी आभाळाकडे बघायचा, मग घाटाच्या पायऱ्यांकडे. आभाळ उघडं असलं तर नदीची आणखी एक पायरी उघडी पडलेली असायची. दोन्ही बघून झाल्यावर तो ज्याला त्याला शिव्या द्यायचा.

होडी चालवणार होता दगडोबा. हा इंजिनिअरच्या वेळचाच माणूस, शीड धरायला नांदेडात त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. एके दिवशी तो बिडी ओढत आला आणि होडीत डोकावला. माणिकप्पा तेव्हा दोराचा खुंटा घासत होता. खुंट्याचं वरचं बोंड त्याने पाळण्याच्या गोंड्यासारखं गोल करून टाकलं होतं.

“अप्पा, ह्ये काय करून राहिला?”

“दिसत न्हाई का?”

“खुंट्याला कशाला रोगण? त्याला दोर बांधायचा हाय. खरबडीत असू दे त्यो. गोरा सायेब खुंट्याला तेलाचा हातबी लावू देत नव्हता.”

“म्हणून तर गेला निघून.” माणिकप्पाने खिशातला दोरा काढला, खुंट्यावर टाकला. दोरा सरकला आणि खाली पडला. “बघ. हैदराबादेत नवाबाच्या पलंगाला असा हात न्हाई बसला.”

“नवाब पलंग बांधून ठिवतो का खुंट्याला?” दगडोबा म्हणाला. “दोर बसाया पाह्यजे अप्पा, घसराया न्हाई.”

“तुला एक गाठ येत न्हाई मारता, तर माझं काम अर्धं ठिवू? साहेबाची नजर नेमकी त्याच खुंट्यावर पडली म्हंजे? म्हणंल, बाकी आईना आन ह्ये काय? पोराचा इषय तिथंच बुडाला.”

दगडोबाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. कारकुनाला जिथे काही कळत नाही तिथे आभाळ फार उपयोगी पडतं. दगडोबाने बिडी विझवली आणि म्हणाला, “मी दोन येढे जास्ती देईन. बाकी गंगामाय बघंल.”

आश्विनात एक दिवस ठरला. होडी पाण्यात उतरली तेव्हा घाटावर निम्मं नांदेड जमलं होतं. खरं सांगतो, अशी देखणी वस्तू मी पुन्हा पाहिलेली नाही. कठडा मधासारखा, सुकाणूची दांडी तर हातात धरायचा धीर होऊ नये अशी. माझ्या बाकावर लाल सतरंजी अंथरली होती. माणिकप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसला. होडीत त्याला जागा नव्हती. मला होती, कारण पानाचा डबा धरायला कुणीतरी लागतं.

तालुकदारसाहेब आले. काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, टोपीचा काळा गोंडा. तुसडे असतील असं वाटलं होतं, तसे नव्हते. दमलेले, सावकाश बोलणारे. होडी मधल्या धारेला लागली, दगडोबाने शीड उघडलं, वारं भरलं आणि होडी आवाज न करता पाणी कापायला लागली, तसा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी कठड्यावरून तळहात फिरवला. उद्धवच्या पाळण्यावरून. पुन्हा फिरवला.

“वाह! ये तो आईना है,” ते म्हणाले. “किसका हाथ है देशमुखसाब?”

मी मालकांकडे बघितलं. मालक घसा साफ करत होते. दूर घाटाच्या खालच्या पायरीवर पांढरा ठिपका दिसत होता, तो उभा राहिला होता.

“हुजूर, वो सामने खडा है. माणिकप्पा करके है. बडा गरीब आदमी है हुजूर. उसीका लडका...”

तेवढ्यात वारं फिरलं. शिडाच्या दोराला दगडोबाने दिलेले जास्तीचे वेढे मी स्वतः बघितले होते. पण शिडाला हिसका बसला तसे ते वेढे त्या खुंट्यावरून एकामागून एक असे उतरले, जसा तो रेशमी दोरा उतरायचा. गोल बोंडाने काही अडवलं नाही. दोर सुटला, शिडाची आडवी काठी गरकन फिरली, आणि साहेबांच्या डोक्यावरून वीतभर उंचीवरून गेली. डोकं वाचलं. टोपी गेली.

ती पाण्यावर उताणी पडली आणि गोंडा मागे ओढत निघाली. मी पानाचा डबा टाकून वाकलो, हात पुरला नाही. दगडोबा सुकाणू सोडू शकत नव्हता. टोपी भरत भरत बुडाली. त्या जमान्यात तालुकदाराने चार लोकांत उघड्या डोक्याने बसणं म्हणजे काय हे मला इथे समजावून सांगता येणार नाही. घाटावर कुणीतरी हसलं. एकच माणूस हसला, पण पाण्यावरून हसू फार लांब जातं.

साहेबांनी खिशातून दस्ती काढली, डोक्यावर पसरली आणि म्हणाले, “वापस लीजिए.”

दगडोबाने होडी काठाकडे वळवली. होडी टेकली. साहेब उतरले, दोन पायऱ्या चढले, आणि थांबले. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. मागे वळून त्यांनी मालकांना विचारलं, “आप कुछ फर्मा रहे थे. किसी के लडके का.”

माणिकप्पा तिथून हातभर अंतरावर उभा होता. हात जोडलेले. उर्दू त्याला माझ्यापेक्षा बरी समजायची.

मालकांनी दस्तीखालच्या त्या डोक्याकडे पाहिलं. “कुछ नहीं हुजूर,” ते म्हणाले. “कुछ नहीं.”

साहेब घाट चढून गेले. मालक मागोमाग गेले. मी गेलो नाही, कारण पानाचा डबा सांडला होता आणि तो गोळा करायचा होता. माणिकप्पाने हात खाली केले.

“आईना म्हणाले अप्पा,” मी म्हणालो. “कठड्यावरून हात फिरवून म्हणाले.”

“ते ऐकलं न्हाई मी,” तो म्हणाला. “दुसरं ऐकलं.”

लोक पांगल्यावर तो होडीत चढला. दगडोबाने त्याला काही सुनावलं नाही, नुसता दोर हातात दिला. माणिकप्पाने तो खुंट्याला गुंडाळला, पाय रोवले आणि ओढला. दोर सरसर सुटून आला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेला दगडोबानेच त्याचा हात धरला. “बास अप्पा.”

मालकांकडे तो त्यानंतर एकदा गेला. मालक म्हणाले, “आता लगेच नको. राग निवू दे. पुढल्या पाण्याला बघू.” ही बोळवण होती हे मला कळलं, कोठीतल्या पाणक्यालाही कळलं. माणिकप्पाने मात्र ‘पुढल्या पाण्याला’ एवढं धरलं, आणि घट्ट धरलं.

नदी उतरली. होडी वाळूवर बसली. चैत्रात नदीच्या पात्रात उन्हाच्या झळा नाचत होत्या, आणि त्यात होडीच्या सावलीला बसून हा माणूस काचेच्या तुकड्याने खुंटे खरवडत होता. स्वतःचंच रोगण. आधी खुंटे केले, त्यांना आडव्या खाचा पाडल्या. मग बोंडांना पुन्हा कड आणायला वरून लाकडाचे नवे तुकडे ठोकले. मग सुकाणूच्या दांडीची मूठ खरबडीत केली. लग्नसराईचे दिवस होते. पलंग करून घ्यायला माणसं दुकानावर येऊन कुलूप बघून परत जायची. मल्लम्मा वाळूतून त्याची भाकरी घेऊन यायची आणि उभ्याउभ्याच ठेवून जायची.

मी नांदेडला आलो की तिकडे चक्कर मारायचो. तो मान वर न करता म्हणायचा, “तुझं बाक वाट बघून राह्यलंय.”

“या खेपेला घाई आहे अप्पा. पुढल्या खेपेला नक्की.”

“आन घेतलास म्हादेवाची.”

“म्हादेव काय पळून जातोय का?”

“म्हादेव न्हाई जात,” तो म्हणायचा.

ज्येष्ठात तालुकदारसाहेबांची बदली झाली. ही बातमी सांगायला मलाच जावं लागलं. वाटेत मी चारदा वाक्य जुळवलं, आणि शेवटी सरळ सांगून टाकलं. त्याने काच खाली ठेवली. बोटं सगळी चिरलेली होती. 

“नवा येईल की,” तो म्हणाला. “त्यालाबी टोपी असंलच. ह्या खेपेला जाणार न्हाई.”

पाणी आलं. नवे साहेबही आले. मालकांचं जमिनीचं प्रकरण दरम्यान दुसऱ्याच वाटेने मिटलं होतं, तेव्हा होडी त्यांच्या मनातूनच उतरली. माणिकप्पा रोज भिजत घाटावर यायचा, होडीतलं पाणी उपसायचा आणि दोर तपासायचा. श्रावणात त्याला ताप भरला. मी बघायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मल्लम्मा म्हणाली, “कोण आलंय बघा.” त्याने वळून पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागे. मागे कुणी नव्हतं. पोळ्याच्या सणाच्या तोंडावर तो गेला. शेवटच्या दर्शनाला उद्धवला सोडावं म्हणून मी कचेरीत खेटे घातले. हुकूम मिळाला तोवर घरी दर्शन घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच पंधरवड्यात मोठा पूर आला. घाटावरच्या दोन होड्या दोर तुटून नाही, दोर सुटून गेल्या. आमची होडी तेवढी राहिली. पाणी ओसरल्यावर दगडोबाने मला मुद्दाम नेऊन दाखवलं. ओला दोर खुंट्याच्या खाचांत असा रुतून बसला होता, की सोडवता येईना, कापावा लागला.

“सोडलं न्हाई बघा ह्यानं,” दगडोबा म्हणाला. मग तो थुंकला आणि दोर कापू लागला.

मालकांनी होडी लाकडाच्या भावाने विकली. कठडा तेवढा मी मागून घेतला आणि मल्लम्माकडे पोचवला. तिने तो माळ्यावर ठेवला. बाक कसं कुणास ठाऊक, दगडोबानेच उचललं असावं, तेही तिच्या ओसरीवर येऊन बसलं.

उद्धव सजा पुरी करून आला. तुरुंगात दगड फोडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. दुकान त्याने उघडलं नाही. आता जिनिंगमध्ये गाठी उचलतो. पूर्वीपासून अबोल होताच, आता विचारल्याशिवाय बोलत नाही. मी गेलो तेव्हा त्याने मला ओसरीवर बसायला सांगितलं, आणि बसायला तिथे ते एक बाकच होतं. सतरंजी नव्हती. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि माझा ठसा धागा न् धागा दिसत होता.

“हे एवढं तरी घासून-पुसून घ्यायचं होतंस,” मी म्हणालो.

“अप्पा सांगून गेलते म्हणं,” उद्धव म्हणाला. “ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. मन्मथ घासणार हाय.”

मी उभाच राहिलो. म्हणालो, “पुढल्या खेपेला काच घेऊनच येतो.”

“या,” तो म्हणाला.

त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या. घरात कंदिलाची काच फुटली की मी त्यातला चांगला धारदार तुकडा निवडून फडक्यात बांधून ठेवतो. आता पुरेसे जमले आहेत.